शिट ही राष्ट्रीय संपत्ती आहे

खलफला कबुतरांचा नाद होता. कैरोत गच्चीवर फळ्यांचा मनोरा ठोकून कबुतरं पाळणं हा काही गुन्हा नव्हे. इन्शिराह, त्याची बायको, तेवढी गुन्हा मानायची.

एकदा तिनं वैतागून मनोऱ्याखालची शिट खरवडली आणि पुदिना लावलेल्या डब्यात फेकली. पुदिना असा माजला, की आत शिरलेलं मांजर बाहेर आलं ते पिल्लं घेऊनच.

"अगं, हे तर सोनं!" खलफ ओरडला.

"मग घाला गळ्यात."

खलफनं गल्लीभर शिट वाटली. शेजारच्या म्हातारीचा टोमॅटो तर दोघांनी उचलून खाली आणला. झालं, वास सरकारपर्यंत गेला. टाकाऊ संपत्ती खात्याचे बहगतसाहेब नाक दाबून जिना चढले.

"उस्ताद खलफ, ही राष्ट्रीय संपत्ती आहे."

"न्या की साहेब. फावडं देऊ?"

"संपत्ती खाणीतून निघते. अर्थात, ही कबुतरं खाण झाली. आणि खाण उडत नसते."

उडत्या कबुतराची शिट नदीपलीकडे पडली, तर ती बेकायदा निर्यात! मनोऱ्याला सील लागलं. खलफला जेवण जाईना. कबुतरं उडवायचीच नाहीत, तर नाद कसला? तिकडे कोंडलेली कबुतरं झुरली, शिट आटली. मग उत्पादन घटवल्याचा ठपका ठेवून खात्यानं कबुतरंच उचलली आणि आपल्या कचेरीच्या गच्चीवर नेली.

खलफ रिकाम्या मनोऱ्यात जाऊन बसला. "आता तुम्ही घुमू नका," इन्शिराह म्हणाली. पण तिनंच चौकशी केली. कळलं, की खाण सरकारी झाली, की तिला दौऱ्यावर उडायची परवानगी असते.

पहिल्याच दौऱ्याला खात्यानं पिंजरे उघडले. इकडे खलफनं इन्शिराहची लाल ओढणी काठीला बांधून फिरवली आणि जीव खाऊन शिट्टी मारली. थवा वळला. येताना वाटेतल्या गच्च्यांवरची कबुतरंही घेऊन आला. कैरोवर भरदुपारी सावली पडली.

बहगतसाहेब हवालदाराला घेऊन धापा टाकत आले. "जप्त करा!"

हवालदारानं टोपी काढली. "माफ करा साहेब, माझीही कबुतरं आहेत. आमच्यात कबुतर ज्याच्या गच्चीवर उतरलं, त्याचं झालं. आमची आई मागायला आली तरी देत नाहीत."

तेवढ्यात साहेबांच्या टकलावर टपकन् पडली. हात वर गेला आणि तिथंच थांबला. राष्ट्रीय संपत्ती पुसणार कोण?

त्याच संध्याकाळी नवा हुकूम निघाला. कबुतरं ज्याची त्याची, पण शिट पडेल तिथं सरकारची. बहगतसाहेब अजून डोकं धूत नाहीत. वरच्या साहेबांच्या परवानगीची वाट बघतायत.

आणि तुम्ही हो, हसताय काय? कालच खिडकी पुसलीत ना ओल्या फडक्यानं? कुणाला विचारून?