पढवलेले साक्षीदार

आमच्या घरून निघताना पेशकारकाका दारात थांबून सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवत. "बघून घ्या, सर. चमचा-बिमचा नाय ना घेतला?"

मी ओशाळत असे. ते म्हणत, "मी तुमच्या चहावर शक करतो, व्हय का नाय? मग तुम्ही बी माझ्यावर करायला पाहिजे. हिसाब बरोबर."

गारखेड्यात आमच्या शेजारी ते एकटेच राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. उभी नोकरी कोर्टात पेशकार म्हणून गेली, त्यामुळे दारात डबा आला की झाकण उघडण्याआधी उलटतपासणी सुरू.

ईदला शीरखुर्मा घेऊन आलेल्या रझियाआपांना त्यांनी विचारलं, "का देता?"

"जो अपने लिए चाहो, वो पडोसी के लिए भी चाहो," आपा म्हणाल्या.

नाताळला केक आणणारे समोरचे मास्तर म्हणाले, "लोकांनी आपल्याशी जसं वागावं वाटतं, तसंच आपण वागावं."

दिवाळीचा फराळ घेऊन माझी बायको सुमन गेली. तिनंही तेच सांगितलं, फक्त हसत.

काकांनी मला बाजूला घेतलं. "तीन घरं, तीन धरम, आन् बयान एकच! गवाह पढवलेले हायेत."

"खरं बोलत असतील," मी म्हणालो.

"खरं बोलणाऱ्यांचं कधी इतकं जुळत नाय, सर."

तिन्ही डबे तसेच परत गेले. तरीही सुमन दर सणाला डबा पाठवत राहिली.

या श्रावणात सुमन गेली. घरात चूल पेटली नव्हती. शेजारून आलेले डबे ओट्यावर तसेच पडून होते.

दुपारी काका आले. हातात पिठलं-भाकरी. समोर बसले, तुकडा मोडून आधी स्वतः खाल्ला, मग ताट माझ्याकडे सरकवलं.

"काही मिसळलं नाय. आता तुम्ही."

मी घास घेतला.

"खारट झालं का?"

"नाही."

"खोटं बयान," ते म्हणाले आणि दुसरा तुकडा मोडला.

ताट संपेपर्यंत ते हलले नाहीत. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "माझी गेली तवा डबे लई आले होते. बसलं कुणीच नाय."

त्या दिवशी दारात त्यांनी खिसे उलटे केले नाहीत. चपला घालता घालता एवढंच म्हणाले, "उद्या मी येईपर्यंत कुणाचा डबा उघडू नका."