वांगं हलकं, एसएमपीएस जड

भटूआबांच्या हातात काहीही द्या, ते आधी त्याचं वजन करतात. चहाचा कप, लग्नपत्रिका, शेजारणीचं तान्हं बाळ, काहीही. तळहात किंचित वरखाली होतो, डोळे अर्धे मिटतात आणि निकाल लागतो. मी पहिल्यांदा त्यांच्या धुळ्याच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या हातात आमच्या संघटनेचं पत्रक दिलं होतं. चार पानी, लाल मथळा, खाली मागण्या. आबांनी ते वाचलं नाही. तळहातावर घेतलं, दोनदा हलवलं आणि म्हणाले, "कागद चांगला शे."

मी विचारलं, आणि मजकूर? तर म्हणाले, आधी उद्गारचिन्हं काढ, मग उरलेल्याचं वजन सांगतो.

आबा वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी पारड्यांखाली चिकटवलेलं मेण आणि चुंबक शोधण्यात गेली. त्यामुळे जगात दोनच तऱ्हेची माणसं असतात असं त्यांचं ठाम मत आहे. एक, ज्यांचं माप कमी आहे हे सापडलंय ती. दोन, ज्यांचं अजून सापडायचंय ती. एरवी हे मत मला मनापासून पटलं असतं, पण त्यांनी मला दुसऱ्या गटात टाकलं होतं. मला ते "पुढारीण" म्हणतात, आणि कौतुकानं म्हणत नाहीत.

निवृत्तीला इतकी वर्षं झाली तरी आबा धुळ्याच्या बाजारातून निघाले की तराजू सरळ होतात. भाजीवाली मावशी त्यांच्या पिशवीत मूठभर मिरच्या जास्त टाकते. आबा त्या काढून परत तिच्या टोपलीत ठेवतात, कारण जास्त देणं हीसुद्धा मापातली चूकच. मावशी मग पुढच्या गिऱ्हाईकाला ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटते. डबाबंद मालावर तर आबांचा उघड राग आहे. चकचकीत वेष्टन, मोठमोठी अक्षरं, सिनेनटाचा फोटो दिसला की ते खोकं उचलतात, तोलतात आणि खाली ठेवतात. "बठ्ठं खोकंच शे." म्हणजे सगळं खोकंच, आत काही नाही. हे वाक्य ते बिस्किटांना लावतात, मंत्र्यांच्या भाषणांना लावतात, आणि एकदा माझ्या पाऊण तासाच्या भाषणालाही लावलं. समोर दिलवरभाऊ बसले होते. ते आमच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांमधले सगळ्यात जुने कार्यकर्ते. ते हसले. मी ते विसरलेले नाही.

तरीही आमचं ऑफिस आबांच्याच पुढच्या खोलीत होतं, कारण भाडं नव्हतं. बायको, म्हणजे अक्का, वारल्या, मुलगा बडोद्याला, खोली रिकामीच असते, एवढी माहिती त्यांनी दिली, तीही भाडं का घेणार नाही याचं कारण म्हणून. अटी मात्र होत्या. चपला भिंतीशी रांगेत. घरात घोषणा नाहीत. चहा त्यांच्याच हातचा. पाड्यांवरची माणसं वनहक्काच्या दाव्यांचे कागद घेऊन यायची, मुक्कामाला राहायची, आबा त्यांना रागावायचे आणि भाकरी वाढायचे. दोन्ही कामं एकाच वेळी.

आता कॉम्प्युटर. दाव्यांची सुनावणी लागली होती. किती घरांची जमीन त्या कागदांवर टांगलेली होती हे इथे सांगत बसत नाही, त्यावर मी पुरेशी पत्रकं काढलीत. कागद नीट टाइप करून, नकाशे जोडून वेळेत द्यायचे होते. बाहेर टाइप करून आणलं की पाड्यांची नावं बदलून यायची. एका घराचं शेत तर टायपिंगमध्ये शेजारच्या पाड्यात गेलं. मालकानं अजून तिथे पाऊल टाकलेलं नाही. म्हणून बैठकीत ठरलं: वर्गणीतून स्वतःचं मशीन जोडायचं, आणि मशीन तयार झालं की ऑफिस धुळ्यातून हलवून शिरपूरच्या पुढे, पाड्यांजवळ न्यायचं. लोकांनी एका कागदासाठी दिवसाची मजुरी बुडवून धुळ्याला का यावं? ठराव मीच मांडला. टाळ्या पडल्या. त्या दिवशी आबांकडून चहात साखर टाकायची राहिली. आम्ही तो तसाच प्यायलो, कारण चहाबद्दल बोलणंही अटींत बसत नव्हतं.

खरेदी आबांकडे सोपवली. त्यांना कोणी फसवू शकत नाही, हे एकमतानं मान्य झालं. माझा मनातून विरोध होता, पण मी तेव्हा ठरावाच्या यशात दंग होते.

आबांनी पहिला निर्णय दिला: धुळ्यात घ्यायचं नाही. इथले दुकानदार ओळखतात, भीतीपोटी खरा भाव सांगतात, आणि भिऊन सांगितलेला भाव तपासता येत नाही. जळगावला घ्यायचं. तिकडे ते अनोळखी गिऱ्हाईक. म्हणून आम्ही एसटीनं पारोळा, एरंडोल करत जळगावला गेलो. वाचलेले पैसे तिकिटांत जातील, असं मी म्हणाले. आबा म्हणाले, तत्त्वाचे पैसे वेगळे.

दुकान पियूषभाऊंचं होतं. आजोबांचं धान्याचं दुकान होतं, नातवानं कॉम्प्युटरचं काढलं. मूळचं राजस्थानी घर, बोलण्यात हिंदी-मराठी एकाच पोत्यात. त्यांनी आधी काचेचं कॅबिनेट दाखवलं. आत निळे-जांभळे दिवे लागत-विझत होते. आबांनी विचारलं, हे दिवे कशाला. पियूषभाऊ म्हणाले, "लूक के लिए, आबाजी. पोरं हेच मागतात." आबांनी माझ्याकडे पाहिलं. दावे टाइप करताना वनखात्याला दिवे दिसणार आहेत का, असं त्या नजरेत होतं. आमचं एकमत झालेला तो बहुधा पहिला प्रसंग.

एवढं मान्य करायला हवं की आबांनी अभ्यास केला होता. ग्राफिक कार्ड नको, प्रोसेसरच्या आतच चित्रं दाखवायची सोय असलेला घ्यायचा, हे त्यांनी पियूषभाऊंच्या आधी सांगितलं. बोर्ड आणि प्रोसेसर यांचं बूड जुळतं का ते स्वतः पाहिलं. रॅम आज एक पट्टी घ्यायची, दुसरीची जागा मोकळी ठेवायची, पैसे आले की भरायची. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं.

मग एसएसडी आली. कॉम्प्युटरची सगळी साठवण जिच्यात, ती पट्टी. बोटभर. आबांनी ती तळहातावर घेतली. तळहात वरखाली झाला. डोळे मिटले. उघडले. परत मिटले. मग त्यांनी पिशवीतून आपला खिशात मावेल एवढा वजनकाटा काढला. हो, ते काटा घेऊन आले होते. पट्टी त्यावर ठेवली. काटा जवळपास हललाच नाही.

"एवढ्यात बठ्ठे दावे मावतील?" आबांनी विचारलं.

पियूषभाऊ म्हणाले, दावेच काय, अख्खा धुळे जिल्हा मावेल. आबा म्हणाले, म्हणूनच विचारतोय. शेवटी त्यांनी एक जुन्या चालीची हार्ड डिस्क मागवली, तळहातावर घेतली, आणि चेहऱ्यावर समाधान आलं. जड होती. मंद आहे, धक्का लागला तर खराब होते, जीपमधून न्यायची आहे, असं पियूषभाऊंनी तीनतीनदा बजावलं. मी दुकानातच आवाज चढवला. अवतीभवतीची गिऱ्हाइकं थांबली. आबा म्हणाले, "पुढारीण, सभा बाहेर घे." पण पट्टीच घेतली. माझ्यामुळे नाही. पियूषभाऊंनी एक फुटलेली जुनी डिस्क उघडून आतली तबकडी दाखवली, त्यामुळे. आबांना उघडलेल्या खोक्याबद्दल आदर आहे.

परत निघताना त्यांनी भरताची वांगी घेतली. ती तोलून हलकी तेवढी निवडली, जड वांग्यात बिया फार. "वांगं हलकं घ्यावं," बसमध्ये ते मला सांगत होते, "एसएमपीएस जड घ्यावा." एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज वाटून देणारा डबा. खोट्या कंपन्या आत तांबं कमी घालतात, म्हणून हलका तो लबाड. हे त्यांचं म्हणणं पियूषभाऊंनीही मान्य केलं होतं. फक्त त्या दिवशी पुरेसा जड मिळाला नव्हता.

आणि मग तो मिळेचना.

बाकीचे सगळे भाग पुढच्या खोलीतल्या टेबलावर धुतलेल्या टॉवेलखाली पडून. आबा जळगावला जायचे आणि वांगी घेऊन यायचे. एकाची वायर आखूड होती. एकाचा पंखा घुमत होता. एकाच्या डब्यावर वॅट मोठे लिहिले होते, तर "ग्रॅम कुठे लिहिले?" असं विचारून ते परत आले. सुनावणी जवळ येत चालली. मी चिडले, नंतर खूप चिडले. दिलवरभाऊ म्हणाले, राहू द्या ताई, म्हातारा माणूस आहे. मी म्हणाले, म्हातारपण हा दिरंगाईचा परवाना नाही. वाक्य चांगलं होतं. पुढच्या पत्रकासाठी लिहून ठेवलं.

मग एका बैठकीसाठी मी एकटीच जळगावला गेले, ती थेट पियूषभाऊंच्या दुकानात. म्हटलं, कुठलाही एसएमपीएस द्या, हलका, जड, घुमणारा, काहीही.

ते माझ्याकडे बघतच राहिले. "ताई, वो तो आबाजी कधीच घेऊन गेले. तीन डबे तोलले, सगळ्यात भारी नेला. तुम्हाला सांगितलं नाही?"

परतीच्या बसमध्ये मी मनातल्या मनात आबांविरुद्ध पत्रक लिहिलं. मथळा: जाहीर सवाल. मुद्दा एक, जनतेच्या मशीनचा भाग दडवून ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला. एरंडोलपर्यंत मुद्दे झाले, पारोळ्याला मागण्या झाल्या, धुळे येईपर्यंत निषेध पूर्ण झाला होता. दारात चपला काढल्या, रांगेत ठेवल्या नाहीत.

आबा टॉवेल उचलून मदरबोर्डवरची धूळ फुंकत होते. मी म्हणाले, पियूषभाऊंकडे जाऊन आले.

त्यांनी मान हलवली. नाकारलं नाही. आत गेले, भांड्यांच्या फळीवरून खोकं काढून आणलं आणि टेबलावर ठेवलं. मला तो डबा उचलून त्यांच्यासमोर आपटायचा होता. पण तो खरोखरच जड होता.

"सांगितलं का नाही?"

"मशीन पुरं व्हयनं म्हंजे जीप येई," आबा म्हणाले.

म्हणजे ऑफिस न्यायला. पारोळ्याला तयार केलेल्या मागण्यांमध्ये हा मुद्दा नव्हता. आबांनाही बहुधा वाटलं की आपलं माप कमी भरलंय, म्हणून त्यांनी त्यात थोडं घातलं: सुनावणीला उशीर नसता होऊ दिला, तारीख त्यांच्या लक्षात होती, त्याच्या आधी दिलाच असता. मग स्क्रूड्रायव्हर घेतला आणि कॅबिनेट आडवं केलं.

त्याच संध्याकाळी मशीन जोडलं. आबा वायरी बसवत होते, मी फोनवर बघून कुठली कुठे ते सांगत होते आणि दोनदा चुकीचं सांगितलं. बटण दाबल्यावर पंखा फिरला. आबांनी मागच्या जाळीला हात लावला आणि बराच वेळ लावूनच ठेवला, हवा तपासत.

जीप आली. आबांनी मशीन गोधडीत बांधलं आणि टपावर ठेवू दिलं नाही, दिलवरभाऊंच्या मांडीवर दिलं. दावे नव्या ऑफिसात टाइप झाले, पाड्यांची नावं बरोबर आली, कागद वेळेत दाखल झाले. निकाल अजून यायचाय.

मधे मी उरलेले बॅनर न्यायला धुळ्याला गेले. पुढची खोली झाडून लख्ख होती. आबा म्हणाले, बस, चहा टाकलाच आहे. आत जाऊन पाहिलं तर मोठं पातेलं काठोकाठ उकळत होतं. सात-आठ माणसांचा चहा. येणार मी एकटी, तेही न कळवता. वजनमापे खात्यातून निवृत्त झालेला माणूस, आणि पातेल्याकडे बघून म्हणाला, "आज पाणी जरा जास्त पडलं." गॅसशेजारी फडक्यावर कप उपडे घातलेले होते. तेही तितकेच.

आम्ही चहा प्यायलो. जमेल तेवढा. मग मी म्हणाले की ऑफिसात आता प्रिंटर लागणार आहे. दिलवरभाऊंच्या मेव्हण्याकडे एक चालू प्रिंटर पडून होता आणि तो फुकट द्यायला तयार होता, पण हे मी सांगितलं नाही. म्हणाले, मला त्यातलं काही कळत नाही, तुम्हीच बघा, आणि बसवायलाही तिकडे तुम्हालाच यावं लागेल. मुक्काम पडेल.

आबांनी कप खाली ठेवला.

"घाई नको करू," ते म्हणाले. "तीन दुकानं ते देखनाच पडतीन."

मी बरं म्हणाले आणि बॅनरची सुतळी बांधायला घेतली. गाठ मारून होईपर्यंत त्यांनी कप विसळले.

"चार," आबा म्हणाले. "चाळीसगाव बी देखी लेवूत."