आल्डवीरचे बर्फ आणि ब्राउझरची पट्टी, यांची बखर

हे वर्तमान लिहावे ऐसा हुकूम कोणी केला नाही. उलटपक्षी आल्डवीर बर्फमंडळाच्या कारभाऱ्यांनी एकमते ठराव केला की, जाहल्या गोष्टीचा बोभाटा न व्हावा. त्याच कारणे सविस्तर लिहिले असे. वाचणाराने सत्य मानावे. संशय वाटल्यास फ्रिसलंड प्रांती मौजे आल्डवीर येथे जाऊन चालिंगपंत चिटणीस यांस पुसावे. ते दीड प्रहर सांगतील, आणि त्यांतील दोन वाक्ये कामाची निघतील.

ते समयी आल्डवीरच्या बर्फाचा कारभार फ्राउक्येबाई यांजकडे होता. बाई मोठ्या कर्त्या. थंडीचा रंग दिसताच, लोकांस स्केट बांधोन घसरण्यास बर्फ व्हावे म्हणोन, कुरणात पंपाने पाणी सोडावे, पहाटे उठोन थर मोजावा, कोठे तडा गेला तर जातीने बुजवावा, ऐसा त्यांचा शिरस्ता. परंतु मंडळाच्या सनदेत एक कलम वाईट होते. लागोपाठ तीन हिवाळे बर्फ खुले जाहले नाही तर मंडळ मोडावे आणि पंप, खोपटे, निशाण सुद्धां सर्व दौलत शेजारच्या नेसमारकरांच्या हवाली करावी. आणि बर्फ खुले जाहले ऐसे तेव्हांच समजावे, जेव्हां मंडळाच्या ब्लॉगावर दुपारी बाराचे आंत तशी जाहिरात लागेल. दोन हिवाळे ऐसेच गेले होते. बर्फ उत्तम होते, जाहिरात लागली नव्हती.

कारण की ब्लॉगाची किल्ली चालिंगपंतांपाशी. पंत एकोणीस वर्षे चिटणीस. त्यांनी कोणे एके काळी संध्याकाळच्या वर्गात ब्लॉगाची विद्या संपादिली आणि तिच्या बावीस पायऱ्या एका पुठ्ठ्यावर लिहून वर प्लास्टिक चढविले. आधी मुखपृष्ठ उघडावे आणि ते वाचावे, मग तळाशी जावे, मग दाखल व्हावे, मग कारभाराच्या पानावरील सर्व सूचना वाचाव्या, मग मागील लेखांची यादी काढावी, मग वाचकांच्या तुंबलेल्या टिपणांचा समाचार घ्यावा, आणि इतके होऊन दिवस उरल्यास नवा लेख लिहावा. गतवर्षी पंत एकोणिसाव्या पायरीस पोहोचले तो पाऊस लागला, आणि लोक खांद्यावर स्केट टाकोन आले ते बदके पाहोन परत गेले. पंतांस याचे वैषम्य नव्हते. पायरी एकही चुकली नव्हती.

यंदा बाईंनी मनसुबा केला. खोपट्यातील संगणकावर बसोन त्यांनी ब्राउझरच्या माथ्यावरील पट्टीत पाच खुणा, ज्यांस बुकमार्क म्हणतात, रोविल्या. एकीवर टिचकी मारिता थेट नवा लेख उघडावा, दुसरीने टिपणे, तिसरीने चित्रे, चौथीने जुने लेख, आणि पाचवीने जे पान समोर असेल तेच दुरुस्तीस खुले व्हावे. बावीस पायऱ्यांचा गड, त्यास चोरवाट सापडली. बाई भाबड्या, त्यांनी हे पंचमंडळास कळविले.

मग सभा भरली. कॉफी जाहली, प्रत्येकी एक बिस्किट वाटोन डब्याचे झाकण लागले, आणि अडीच तास मसलत चालली. पंत उठोन बोलिले, "आज पाच खुणा, उद्या पन्नास! हा ब्राउझर आहे की वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी?"

"अहो, पण काम एका टिचकीत होतं," बाई म्हणाल्या.

"एका टिचकीत झालं तर त्याला काम कोण म्हणेल?" पंतांनी विचारले, आणि तीन माना डोलल्या. त्या माना कशावरही डोलत असत. अखेर फर्मान निघाले की खुणांच्या विषयाचा अभ्यास करण्यास समिती नेमावी आणि तोवर पट्टी दृष्टीआड ठेवावी. पंतांनी तेच संध्याकाळी पट्टी लपविली आणि शत्रू बुडाला ऐसे मानिले.

नंतर बुधवारी थंडी उतरली. शनिवारी सकाळी बाईंनी बर्फास भोक पाडोन मोजिले, सात सेंटिमीटर भरले, आणि त्यांस हर्ष जाहला तो मनातच राहिला, कारण हवामानखात्याने दुपारी नैर्ऋत्येचा वारा आणि पाऊस सांगितला होता. बाई धावत खोपट्यात आल्या तो पंत आसनस्थ, पुठ्ठा मांडीवर. सव्वाअकरा जाहले. पंतांनी मुखपृष्ठ वाचिले. साडेअकरास दाखल जाहले. मग बाराव्या पायरीस टिपणांच्या फौजेने गाठले. छपरे शाकारणारे, केस उगविणारे, दूरदेशीचे वारस, ऐसे चाळीस हशम दारात उभे, आणि पंत एकेकाचे म्हणणे वाचू लागले.

"चालिंग, ते कचरा आहे हो! सोडा ते!"

"हा माणूस छपराबद्दल लिहितोय. आपलं खोपटं गळतं ना?"

बाराला सहा मिनिटे राहिली. बाईंनी खिडकीतून आपले बर्फ पाहिले आणि डोळ्यांत पाणी आले. पंप, खोपटे, पहाटेचे उठणे, सगळे नेसमारच्या नावे जाणार, आणि तेही या माणसाच्या पुठ्ठ्यापायी. इतक्यात पंत म्हणाले, "झालं. पायरी तेरा. आता बाहेर पडायचं आणि लोकांना ब्लॉग कसा दिसतो ते बघून परत आत यायचं."

"हात लावाल तर याद राखा," बाई बोलिल्या, आणि संगणकाच्या उंदरासह पंतांचा हात उचलोन बाजूस ठेविला. मग कंट्रोल, शिफ्ट आणि बी या तीन कळा एकदम दाबल्या, तो लपलेली पट्टी पाचही खुणांसह वर आली. पहिलीवर टिचकी मारिली, कोरे पान उघडले. बाईंनी लिहिले, 'बर्फ खुले आहे. सात सेंटिमीटर. वाटाण्याचे सूप गरम आहे.' आणि प्रसिद्ध केले. अकरा वाजोन सत्तावन्न मिनिटे जाहली होती.

"दुसऱ्या वाक्यात क्रियापद नाही," पंत म्हणाले.

साडेबारास कुरण माणसांनी भरले. एक वाजता नेसमारच्या बर्फमंडळाचे अध्यक्ष येल्मर स्वतः स्केट घेवोन आले. त्यांची जाहिरात अद्याप त्यांच्या समितीकडे होती. त्यांनी पुसिले, "तुमचा ब्लॉग कोण बघतं हो? वीज आहे वीज!"

"मीच," पंत म्हणाले. "आमच्याकडे पद्धतच तशी आहे."

बाईंनी हे ऐकिले आणि संताप आला. "मग काय, उतरा की बर्फावर," त्या मोठ्याने म्हणाल्या. "पहिली फेरी चिटणिसांची! स्केट कुठे आहेत तुमचे?"

पंतांचा चेहरा उतरला. येल्मर दूर गेल्यावर ते हळूच म्हणाले, "फ्राउक्ये, मला येत नाही."

"काय येत नाही?"

"बर्फावर उभं राहता."

एकोणीस वर्षे. बाईंस काय काय बोलावेसे वाटले, ते सर्व येथे लिहिणे मर्यादेस धरोन नाही. त्या खोपट्यात गेल्या, जुने स्केट आणि स्वयंपाकाची लाकडी खुर्ची घेवोन आल्या, आणि पोरे शिकतात तशी ती बर्फावर पंतांच्या पुढ्यात ठेविली. "धरा पाठीला. ढकला. खाली बघू नका."

पाऊस पावणेचारास लागला. तोवर आल्डवीरचे मंडळ राखले गेले, नेसमारकर हात हलवीत परतले, आणि चालिंगपंत चिटणीस वय वर्षे सदुसष्ट, खुर्चीमागे वाकोन, सहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत, कुरणाच्या या बांधापासोन त्या बांधापर्यंत आपल्या पायांनी गेले. वाटेत दोनदा पडले. फत्ते जाहली ऐसे दफ्तरी लिहिले असे.