पक्की होईपर्यंत

आमच्या उदगीरच्या गल्लीत सरकारी नोकरी एक वेळ लवकर लागेल. पण कौसल्यामावशींच्या महिला भजनी मंडळात नव्या सुनेच्या हातात टाळ पडायला जन्म जातो. तोवर ती ‘कच्ची’. कच्चीनं गुरुवारी देवळात सतरंजी अंथरायची, चपलांजवळ बसायचं, तोंडातल्या तोंडात म्हणायचं आणि रोज दुपारी मावशींच्या घरी तालमीला जायचं. किती दिवस? मावशींच्या मनात असेल तितके दिवस.

“कच्च्या मडक्यात पाणी थांबत न्हाई,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

माझी बायको सुरेखा नांदेडला गाण्याच्या परीक्षा देऊन आलेली. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी कच्चीच. शेवटी पाव किलो पेढे घेऊन मी रदबदलीला गेलो.

“मावशी, तिचा आवाज समद्या मंडळात चांगला हाय.”

“तुला गाण्यातलं कळतंय?”

“थोडंफार.”

“मग म्हण की एक.”

नको तिथं शूरपणा करायची माझी खोड जुनी. म्हटलं. दुसऱ्या कडव्याला मावशींनी डोळे मिटले. मला वाटलं, तल्लीन झाल्या.

“असलं रोज कानावर पडायलंय व्हय पोरीच्या? मग होळीपस्तोर कच्चीच ऱ्हाऊ दे.”

पेढे मात्र ठेवून घेतले.

सुरेखानं चार दिवस अबोला धरला. नंतर ती जे बोलली, त्यापेक्षा अबोला बरा होता.

होळी झाली. देवळात मावशींनी तिला कुंकू लावलं, हातात टाळ दिले आणि “झाली गं बाई पक्की” म्हणत पदरानं डोळे पुसले. नाटकी म्हातारी, मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा पुरणपोळ्यांचा डबा परत द्यायला गेलो. दार सताड उघडं. चटई अंथरलेली. चहाचे दोन कप, बशीनं झाकलेले.

“सुरेखा झोपली का रे?”

“न्हाई, टीव्ही बघायलीय.” माझ्या जिभेला वेळकाळ कधी कळलाच नाही.

“बघू दे. पक्की झाली ना आता.” त्यांनी एक कप माझ्याकडं सरकवला. “समद्याच मग गुरुवारी दिसतात. देवळात.”

चहा पार निवला होता. दोन घोटांत संपवून मी उठलो. मलाही घरी जाऊन लवंडायचंच होतं. उंबऱ्याशी पोचलो, तर मागून आवाज आला,

“दिगंबर, गल्लीत कुणाच्या पोराचं लगीन जमलंय का रे औंदा?”