खवले सर हटाव समिती

एका जंगलात एक कॉलेज होतं. जंगलात कॉलेज कसं, असं विचारू नका बाळांनो. कॉलेजात जंगल असतं तेव्हा कुणी विचारतं का?

कॉलेजचं नाव करवंदबन कॉलेज. तिथे शिकवणं बेताचं होतं आणि शिकणं त्याहून बेताचं. पण कॉलेजचा फुटबॉलचा संघ होता आणि त्या संघावर सगळ्या जंगलाचा जीव होता. रविवारी सामना असला की हरणं चरायची थांबत, आणि बिबट्या हरणांच्या शेजारी बसून त्यांच्याइतकाच ओरडे. मध्यंतरात तो त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायचा, पण तेवढंच.

यंदा संघ सात सामने खेळला होता आणि सातही हरला होता.

गोलरक्षक होता गवा. तो उभा राहिला की मागची जाळी दिसेनाशी होई, पण त्याला उभं राहायचाच कंटाळा होता. आघाडीला मोर होता. गोल झाला की तो पिसारा फुलवून नाचायचा. गोल कुणी केला हे बघायची त्याला सवय नव्हती. सात सामन्यांत तो त्रेचाळीस वेळा नाचला होता. कर्णधार ससा. तो इतका जोरात पळे की चेंडू मागेच राही.

आणि या संघाचे प्रशिक्षक होते खवले सर.

खवले सर म्हणजे खवल्या मांजर. पूर्ण नाव भिकाजी खवले. फुटबॉल त्यांना फार कळायचा. वारुळासमोर बसून ते तासन्तास मुंग्या बघत. मुंग्या एकमेकींना वाट कशी देतात, अडथळा आला की बगल कशी मारतात, हे सगळं मनात टिपून घेत. मग त्या मुंग्या खात. मग त्यावरून नवी चाल बसवत.

त्यांची अडचण एकच होती. खवल्या मांजराला भीती वाटली की ते अंगाचा गोळा करतं. नाक पोटात, शेपटी वरून, बाहेर नुसते खवले. पंच टिटवीबाईंनी सामन्याची पहिली शिट्टी मारली की सरांचा गोळा होई. मैदान पार रिकामं झालं की मगच तो उलगडे. मधला सगळा वेळ सर आतून सूचना देत. सूचना अगदी अचूक असत. "गव्याला उठवा!" "मोरा, चेंडू तुझ्या मागे आहे!" पण बाहेर फक्त 'हूं हूं' ऐकू येई. सशाला वाटायचं, सर घोरतायत.

पाचव्या सामन्यात तर सशानं चेंडू समजून सरांनाच लाथ मारली. सर आपल्याच गोलात गेले. टिटवीबाईंनी गोल दिला. मोर नाचला.

सरावाला म्हणाल तर सर एकटेच येत. नेमणुकीच्या मुलाखतीतही त्यांचा गोळाच झाला होता. प्राचार्य सांबरे यांना तो उमेदवार फार आवडला. उलट उत्तर नाही, मागण्या नाहीत. त्यांनी लगेच नेमून टाकलं. त्यामुळे झालं काय, की सरांची बायको द्वारका सोडली तर सरांचं तोंड त्या जंगलात कुणी पाहिलेलंच नव्हतं.

सातवा सामना नऊ गोलांनी गेला. मैदान रिकामं झाल्यावर सर उलगडले आणि पाणी प्यायला पाणवठ्यावर गेले. तिथे सगळं जंगल जमलं होतं. सभा भरली होती. विषय होता, खवले सरांचं करायचं काय?

"हटवा!" कोल्हेअण्णा ओरडत होते. अण्णांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता, पण लावला असता तर काय झालं असतं हे ते रोज सांगत.

"असं कसं हटवा?" घोरपडेकाकू म्हणाल्या. एकदा धरलेलं सोडणं काकूंच्या स्वभावात नव्हतं. "अजून दोन हंगाम द्या. संघ रुजायला वेळ लागतो."

"सात सामने झाले काकू!"

"आठवा झालाय का? नाही ना? मग तो हरलो असं तुम्ही कशावरून म्हणता?"

सर काठावर उभे राहून ऐकत होते. आपल्याला घालवायला निघालेत हे ऐकून त्यांना रडू यायला लागलं.

"मी सांगतो आपण का हरतो," कोल्हेअण्णा म्हणाले. "सरांचा गोळा गोल नाही. डावीकडे जरा चेपलेला आहे. म्हणून आपली डावी बाजू कमकुवत."

सगळ्यांनी माना हलवल्या. फांदीवरच्या पाखरांनीसुद्धा हलवल्या.

बाळांनो, सरांनी स्वतःची निंदा सोसली असती. चुकीची निंदा त्यांना सोसवेना. शेवटी मास्तर तो मास्तर.

"तसं नाही अण्णा," ते एकदम म्हणाले. "डाव्या बाजूचा काही संबंध नाही."

सगळे वळले. सरांच्या पोटात गोळा आला, पण शिट्टी वाजली नव्हती. त्यामुळे तो पोटातच राहिला.

"सर सामन्याच्या वेळी स्वतःला गुंडाळून घेतात," सर म्हणाले. "आतून बोलतात. बाहेर काही ऐकू येत नाही. गवा झोपतो, त्याला कुणी उठवत नाही. मोराला कुणी सांगत नाही की गोल आपल्यावर झाला. ज्यानं सांगायचं तोच घाबरून बसतो. ही चूक सशाची नाही, गव्याची नाही. सरांची आहे."

मग सरांनी वाळूत नखानं रेघा ओढल्या आणि मुंग्यांची चाल समजावून सांगितली. पंधरा मिनिटं ते बोलले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जात होतं. ते त्यांना इतकं गोड लागलं की ते आणखी पंधरा मिनिटं बोलले. शेवटी टाळ्या पडल्या. बिबट्यानं तर शेजारच्या हरणाला मिठी मारली. हरणानं ती कशीबशी सोडवली.

"आपलं नाव?" कोल्हेअण्णांनी विचारलं.

"भिकाजी."

"राहता कुठे?"

"इथेच. वारुळापलीकडे."

"आणि इतके दिवस होतात कुठे?"

"मैदानावरच होतो."

"मग दिसला कसे नाहीत?"

"दिसत होतो," सर म्हणाले, "म्हणजे त्याचं असं आहे—"

पण तोवर सगळ्यांनी त्यांना उचललं होतं. जागच्या जागी 'खवले सर हटाव समिती' स्थापन झाली. अध्यक्ष, भिकाजीराव. घोरपडेकाकूंनी जन्मात पहिल्यांदा धरलेलं सोडलं आणि समितीचं चिटणीसपद धरलं.

सर घरी गेले. द्वारका दारातच बसली होती.

"एवढा उशीर?"

"सभा होती. मला काढून टाकायची."

"अगं बाई! कुणी भरवली मेल्यांनी? अध्यक्ष कोण?"

"मी."

द्वारकानं हातातलं काम खाली ठेवलं. "अहो, तुम्ही स्वतःच्याच विरोधात बोलून आलात?"

"टाळ्या पडल्या गं," सर म्हणाले.

"उद्या जा आणि खरं सांगून या. तो मीच म्हणावं."

सरांना ते पटलं. दुसऱ्या दिवशी समितीचं शिष्टमंडळ प्राचार्य सांबरे यांच्याकडे गेलं, तेव्हा सर मनाशी वाक्य घोकत होते.

"साहेब," सर पुढे होऊन म्हणाले, "ते जे खवले सर आहेत ना, ते म्हणजे—"

"नालायक आहेत!" कोल्हेअण्णांनी वाक्य पुरं केलं.

"मला तसं नव्हतं म्हणायचं."

"भिकाजीराव फार सौम्य आहेत साहेब," घोरपडेकाकू म्हणाल्या. "पण मनातून आमच्यासारखेच आहेत."

प्राचार्यांनी शिंगं खाजवली. "त्यांची बाजू ऐकायला हवी. हे कॉलेज आहे, जंगल नव्हे. शिपाई, खवले सरांना बोलावून आण."

शिपाई कासव होतं. सगळे दोन दिवस तिथेच बसून राहिले. तिसऱ्या दिवशी कासव परत आलं.

"घरी नाहीत. बाई म्हणाल्या, इथेच आलेत."

प्राचार्यांनी खोलीभर नजर फिरवली. टेबलाखालीही पाहिलं. "इथे तर कुणी गोळा दिसत नाही."

"साहेब, मीच—" सर म्हणाले.

"तुम्ही शोधायला जायची गरज नाही भिकाजीराव," प्राचार्य म्हणाले. "बोलावलं तर येत नाहीत आणि वर घरच्यांना खोटं बोलायला लावतात. काढलं त्यांना." त्यांनी तिथल्या तिथे पत्र लिहिलं. "तुमच्या वाटेवर आहे का हो त्यांचं घर?"

"वाटेवर म्हणजे... दारातच."

"मग हे एवढं द्या. आता नवा प्रशिक्षक कुठून आणायचा?"

"हे काय समोर बसलेत!" कोल्हेअण्णा म्हणाले.

प्राचार्यांनी सरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "अनुभव?"

"याच संघाचे सात सामने," सर खाली मान घालून म्हणाले.

"बघितलेत?"

"बघितले नाहीत. आतून ऐकलेत."

"आतून!" प्राचार्य उठून उभे राहिले. "आधीच्या गृहस्थांना कधी आतून काही वाटलेलं मला आठवत नाही."

सर एका खिशात काढल्याचं पत्र आणि दुसऱ्या खिशात नेमल्याचं पत्र घेऊन घरी आले. खवल्या मांजराला दोन खिसे कुठून आले, हे विचारू नका. नोकरी लागली की येतात.

आणि खरं सांगायचं तर सरांना आनंद झाला होता. नवे सर आलेत म्हणून अख्खा संघ सरावाला आला. सरांनी वाळूत रेघा ओढल्या, सगळ्यांनी ऐकल्या. गव्याला उभ्या उभ्या झोपायला शिकवलं. मोराला सांगितलं, "आधी सशाकडे बघायचं. तो हसत असला तरच नाचायचं." सशाच्या कानाला त्यांनी दोरी बांधली आणि दोरीचं दुसरं टोक चेंडूला. निदान दोघे बरोबर तरी राहतील. चार दिवसांत संघाचा नूर पालटला. एकदा तर चेंडू समोरच्या गोलात गेला. समोर कुणी नव्हतं, तरी गेला हे खरं.

"या वेळी मी गोळा होणार नाही," सर द्वारकाला म्हणाले. "मेलो तरी होणार नाही."

रविवार आला. डोंगरापल्याडच्या कॉलेजचा संघ आला. सगळी माकडं. सरांनी मैदानाकाठच्या जांभळाच्या मुळात चारही पायांची नखं घट्ट रोवली. डोळे उघडे ठेवले. शेपटीवर एक दगड ठेवला.

टिटवीबाईंनी शिट्टी मारली.

दगड बाजूला उडाला. नखं मुळातून सुटली. नाक पोटात गेलं.

आतल्या अंधारात सर कळवळून ओरडत होते, "ससोबा, उजवीकडे! गव्याला हलवा!" आणि बाहेरून त्यांना जल्लोष ऐकू येत होता. अधूनमधून मोठा, मग त्याहून मोठा. 'वा! वा! क्या बात है!' सरांचं काळीज सुपाएवढं झालं. पोरं जिंकतायत! आपण बसवलेली चाल चालतेय! सामना संपला, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच मैदान रिकामं व्हायच्या आत ते उलगडले.

अकरा-शून्य. माकडांचे अकरा. दोरीत अडकलेल्या सशाला दोघं-तिघं सोडवत होते.

सगळं जंगल सरांकडे धावत आलं. सरांनी डोळे मिटले.

"काय गोळा होता!" कोल्हेअण्णांनी त्यांचे पाय धरले. "याला म्हणतात एकाग्रता! आधीच्या सरांचा गोळा म्हणजे नुसता भित्रेपणा."

"आणि 'हूं हूं' केवढं खणखणीत!" घोरपडेकाकू म्हणाल्या. "आधीचे सर घोरायचे."

"पण आपण अकरा गोलांनी हरलो," सर म्हणाले.

"नऊवरून अकरा," कोल्हेअण्णा म्हणाले. "काहीतरी हलतंय हे कळतं ना त्यातून."

सरांना हे ऐकवेना. जिंकल्याचा आनंद पाच क्षण तरी त्यांचा होता. तो गेला होता आणि त्या जागी भलताच कौतुकाचा वर्षाव चालला होता. ते जांभळाच्या मुळावर चढले.

"ऐका!" ते ओरडले. "मीच खवले सर. तुम्ही हाकललेत तो मीच. सात सामने मीच घालवले आणि आजचा आठवाही मीच घालवला. मला शिट्टीची भीती वाटते. लहानपणापासून वाटते. मला माफ करा आणि दुसरा कुणीतरी धीराचा बघा."

पाखरंसुद्धा गप्प झाली. सरांना वाटलं, सुटलो.

मग कोल्हेअण्णांनी शेपटीनं डोळे पुसले.

"पाहिलंत?" ते भरल्या गळ्यानं म्हणाले. "आधीच्या त्या गोळ्यानं सात सामने हरून एकदा तोंड उघडलं नाही. आणि हा मोठ्या मनाचा प्राणी! दुसऱ्याचे पराभवही स्वतःच्या डोक्यावर घेतोय!"

सगळं जंगल रडलं. गवा झोपेत रडला. मोरानं रडणाऱ्या सशाकडे पाहिलं आणि नाचला नाही. सरांची शिकवण तेवढी कामाला आली.

संध्याकाळी सर घरी पोचले.

"सांगितलंत का खरं?" द्वारकानं विचारलं.

"सांगितलं."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"मग?"

"पाच हंगाम वाढवून दिले. आणि रविवारी सत्कार आहे. शाल, श्रीफळ."

द्वारकानं सुस्कारा सोडला.

"अहो," ती म्हणाली, "त्या आधीच्या सरांनाही बोलवा हो सत्काराला. बिचारे एकटेच घरी बसले असतील."

सर हळूच म्हणाले, "निरोप देतो."

तात्पर्य : बाळांनो, नेहमी खरं बोलावं. सर्वांसमोर, मोठ्यानं, न भिता बोलावं. त्यानं कुणाचं काही बिघडत नाही, कारण ते कुणाला खरं वाटत नाही.