न बोललेला नवस

"होळीपर्यंत बारीक होऊन दाखवते की नाही, बघाच तुम्ही!"

असं म्हणून शरदिनी आठल्येनं जेवणाच्या टेबलावर मूठ आपटली. मूठ चांगली वजनदार होती. आमटीची वाटी उडाली आणि थेट नवऱ्याच्या शर्टावर उतरली.

"सुरुवात तर जोरात झाली!" विश्वेश शर्ट झटकत म्हणाला. तो बँकेत होता. मॅनेजरच्या केबिनबाहेरच्या टेबलावर बसून त्याची बरीच वर्षं गेली होती, त्यामुळे पुढे होणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर त्याचा आता विश्वास उरला नव्हता.

"वजनाचं काय मोठंसं?" सासूबाईंनी, म्हणजे प्रभावतीबाईंनी, तूप वाढून घेत सांगितलं. "तोंडाला कुलूप लावलं की झालं."

"आई, मला थायरॉइड आहे. रिपोर्ट दाखवला होता ना तुम्हाला?"

"दाखवलास की. आमच्या वेळी नव्हतं हो थायरॉइड. आमच्या वेळी त्याला खादाडपणा म्हणायचे."

लेक स्वरदा मोबाइलमधून डोकं वर न काढता खुदकन हसली. झालं! घरातल्या तीनही पिढ्यांचं एकमत झालं.

या घराला थायरॉइड समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शरदिनी दोन फुलके आणि वाटीभर दुधी खायची आणि फुगायची. विश्वेश रोज सकाळी कचोरी-जलेबी हाणायचा आणि काठीसारखा राहायचा. त्याला कुणी कधी खादाड म्हटलं नाही. तिला सकाळी उठतानाच संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं. विंचरायला बसली की केस फणीत राहायचे. काशीच्या दूधविनायक गल्लीतलं त्यांचं घर उभंच्या उभं, आणि जिना असा की पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला मध्ये एकदा भिंतीला टेकावं लागायचं. तिला कुणाच्या लग्नात मिरवायला बारीक व्हायचं नव्हतं. आपल्याच घराचा जिना एका दमात चढता यावा, एवढीच तिची हौस होती. पण हे कुणी विचारलं तर ती सांगणार!

डॉक्टरीणबाईंनी मात्र नीट सांगितलं होतं. "गोळी उपाशीपोटी घ्या, त्यावर लगेच चहा नको. गोळीनं थायरॉइड ताळ्यावर येईल. पण वजन हलायला हवं असेल तर तुम्हालाच हलावं लागेल. गोड बंद करा, रोज भरभर चाला. घाम आला पाहिजे."

तेव्हा शरदिनीनं बूट आणले. गुलाबी पट्ट्याचे, उडी मारावीशी वाटेल असे.

आता प्रश्न आला चालायचं कुठे! काशीत माणूस मरायला येतो, तरायला येतो; भरभर चालायला कुणी आल्याचं ऐकिवात नाही. आमची गल्ली म्हणजे समोरून सांड आला तर आपण कुणाच्या तरी ओसरीवर चढायचं आणि मागून मोटारसायकल आली तर सांडानं. शिवाय प्रत्येक चौथऱ्यावर कुणीतरी बसलेलं.

"का हो चाची, सबेरे-सबेरे कहाँ भागत हऊ?"

"कहीं नहीं भइया, ऐसे ही."

"घर में सब ठीक हौ न?"

घाटावर जावं, तर पूर ओसरून गेलेला आणि पायऱ्यांवर गुडघाभर गाळ. पहिल्याच दिवशी ती घसरली, बसली आणि दोन नावाड्यांनी मिळून तिला उठवलं. तिसऱ्याला त्यांनी हाक मारली ती तिनं ऐकून न ऐकल्यासारखी केली.

शेवटी जागा सापडली ती संकठादेवीच्या देवळात. स्वच्छ आवार, सपाट फरशी, ना सांड ना गाळ. बूट बाहेर काढावे लागायचे, तेवढं एक सोडलं तर झकास. शरदिनीनं पदर खोचला आणि देवळाभोवती भरभर फेऱ्या सुरू केल्या. चौथ्या दिवशी चक्क घाम आला! कित्येक महिन्यांनी तिला आपलं शरीर आपलंच असल्यासारखं वाटलं. तो सकाळचा तास कुणाच्या चहाचा नव्हता, कुणाच्या डब्याचा नव्हता, तिचा होता.

आणि तिथेच मालविकाकाकू उगवल्या.

मालविकाकाकू म्हणजे ब्रह्माघाट ते दूधविनायक या टापूतल्या मराठी घरांचं आकाशवाणी केंद्र. त्या खांबाआड उभं राहून बराच वेळ बघत होत्या.

"काय गं शरदिनी, मन्नत मागितलीस वाटतं देवीला?"

आता "नाही हो, वजन कमी करतेय," असं काकूंना सांगणं म्हणजे गल्लीत भोंगा लावून सांगणं! दुपारपर्यंत प्रत्येक घरात आठल्यांच्या सुनेचं वजन झालं असतं, आणि तेही दर घरागणिक चार किलो वाढवून. शरदिनी घाबरली आणि म्हणाली, "हो."

"अगोबाई! काही परेशानी आहे का घरात? कशासाठी गं?"

"काकू, ते सांगायचं नसतं ना!"

आपल्या हुशारीवर ती खूश झाली. केवढी खूश झाली! घरी जाईपर्यंत.

घराच्या दारात सासूबाई चहाचा कप घेऊन उभ्या. लग्न होऊन आल्यापासून त्या बाईच्या हातचा चहा सुनेनं पाहिला नव्हता.

"दमलीस ना? बस. शिरा केलाय. नवसाच्या बाईनं रिकाम्या पोटी राहू नये."

"आई, शिरा कशाला..."

"खा गं!" सासूबाईंचा आवाज एकदम हळवा झाला. आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "तू सांगितलं नाहीस तरी मला कळतं हो. मी रात्रंदिवस कण्हते, ते तू ऐकतेस. पोटची मुलगीसुद्धा करणार नाही इतकं माझ्या गुडघ्यांसाठी करतेस."

शरदिनीचा घास तोंडातच राहिला. शिरा तुपात पोहत होता.

संध्याकाळी विश्वेश बँकेतून येताना मलइयो, म्हणजे थंडीत मिळणारा तो दुधाचा गोड फेस, घेऊन आला. कुल्हड तिच्या हातात देत त्यानं दार लोटलं. "शरू, प्रमोशनची लिस्ट फाल्गुनात येणार हे तुझ्या लक्षात होतं! मी आपला समजत होतो, तुला माझं काही पडलेलंच नाही." त्याचे डोळे खरोखर पाणावले होते. तेवढ्यात स्वरदा आली आणि मागून गळ्यात पडली. "आई, सच बताओ, मेरे इंटरव्यू के लिए कर रही हो ना? आय लव्ह यू!"

तिघांना तीन वेगवेगळी उत्तरं सापडली होती. ही बाई स्वतःसाठी चालत असेल, हे मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही.

तिनं तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण खादाड म्हणणारं घर एका दिवसात तिचा जप करू लागलं होतं! खोटं असलं तरी गोड होतं. आणि गोडच तर डॉक्टरीणबाईंनी बंद करायला सांगितलं होतं.

मग गाडी उताराला लागली. महिला मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. देवळात आणखी बायका यायला लागल्या. कुणी पेढा आणायचं, कुणी लाडू. "नवसाच्या बाईच्या तोंडी प्रसाद गेला की आपल्यालाही पुण्य!" नाही म्हणावं तर देवीचा अपमान. शरदिनी एका फेरीला जेवढं जाळायची, त्याच्या चौपट पुढच्या फेरीला गिळायची.

निदान चालणं तरी होतं! पण ते मालविकाकाकूंच्या डोळ्यांवर आलं.

"अगं, पळतेस काय अशी? प्रदक्षिणा का कुठे धावत घालायची असते? नऊ महिने भरलेल्या बाईनं डोक्यावर तेलाचा घडा घेऊन चालावं, तसं चालायचं. हळू... हळू... टाचेला बोट लावून." आणि शरदिनीच्या पोटाकडे एक नजर टाकून त्या म्हणाल्या, "तुला जमेल ते."

त्या दिवसापासून घाम बंद झाला. शरदिनी पुढे, मागे बायकांची रांग, आणि सगळ्या जणी मिळून मुंगीच्या पावलांनी देवळाभोवती सरकायच्या. गुलाबी पट्ट्याचा एक बूट तेवढ्यात माकडानं पळवला. दुसरा बिचारा एकटा दारात तिची वाट बघत बसायचा.

एवढ्यावर थांबलं असतं तर ते काशी कसली! माघात सासूबाईंनी जाहीर केलं, "उद्यापन करायचं. सवाष्णी जेवायला घालायच्या. पुरणपोळी."

"आई, नवस अजून..."

"पूर्ण झालाच म्हणून समज. देवीला उधार ठेवू नये."

ब्रह्माघाटावरून वेणीमाधव गुरुजी आले. घर सवाष्णींनी भरलं. पुरणाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. विश्वेश सोवळं नेसून पाटावर बसला, शरदिनी त्याच्या उजव्या बाजूला. नेहमीच्या पाटावर ती जेमतेम मावत होती.

गुरुजींनी विश्वेशच्या हातावर पळीभर पाणी घातलं. "वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा." मग क्षेत्राचं नाव झालं, गंगेच्या तीराचं झालं, संवत्सर झालं, विश्वेशचं गोत्र झालं, आणि गुरुजी थांबले.

"कामना काय सांगायची?"

"पदोन्नती," विश्वेश तत्परतेनं म्हणाला.

"म्हणजे?" सासूबाई खुर्चीतून ओरडल्या. "माझे गुडघे आहेत ते!"

"दादी, मेरा इंटरव्यू!" स्वरदा दारातून म्हणाली.

"आई, तुझे गुडघे कुठून आले मध्येच? शरूनं मला स्वतः..."

"तुला काय स्वतः? माझा शिरा खाताना रोज डोळ्यांत पाणी यायचं तिच्या!"

विश्वेशच्या ओंजळीतलं पाणी गळून गेलं. गुरुजींनी पुन्हा घातलं. तेही गळलं. सवाष्णी माना लांब करून बघत होत्या. मालविकाकाकूंनी तर चष्मा पुसून घातला.

"अहो, भांडता काय?" गुरुजी वैतागले. "नवस वहिनींचा. त्यांनाच विचारा की!"

सगळं घर तिच्याकडे वळलं. तीन चेहरे, तिन्ही आपापलं नाव ऐकायला आसुसलेले.

शरदिनीनं विश्वेशच्या हाताला लावलेला हात काढून घेतला. मग ती बोललीच.

"माझं वजन," ती म्हणाली. "वजन कमी करायला चालत होते मी. नवस नव्हताच. मला थायरॉइड आहे. जिना चढताना छाती फुटते माझी. केस हातात येतात. आरशात दिसते ती बाई मी नाही. मला मी परत हवी होते, बाकी काही नाही."

एवढं एका दमात. जिना नाही, पण हे तरी तिला एका दमात जमलं.

 मग सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे एवढ्या प्रदक्षिणांत माझ्या गुडघ्यांसाठी एकही नाही?"

"एक तरी, शरू?" विश्वेश म्हणाला. "सगळ्या स्वतःसाठी?"

स्वरदा "हद है!" म्हणून आत निघून गेली.

जिना, छाती, केस, आरसा यांपैकी कशाबद्दलही कुणी काही विचारलं नाही. शरदिनी वाट बघत होती. खरंच बघत होती! पण पाणी पुन्हा गळायला लागलं होतं, आणि पोळ्या गार होत होत्या.

"असं आहे," गुरुजींनी तोडगा काढला, "संकल्पात वजन बरं नाही दिसत. 'सकुटुंब यजमानांच्या सर्व इच्छा पूर्ण व्हाव्यात' असं म्हणून टाकू. त्यात सगळं येतं. सोडा पाणी!"

विश्वेशनं ताम्हनात पाणी सोडलं. शरदिनीची इच्छा 'सर्व' मध्ये गेली आणि बुडबुडाही आला नाही. मग यजमानीणबाईंनी उपाशी राहू नये म्हणून सवाष्णींनी आग्रह करकरून तिला पुरणपोळ्या वाढल्या. वर तूप.

पुढे काही दिवस घरात तिच्याशी कामापुरतंच बोलणं होतं. चहा पुन्हा तीच करत होती. डॉक्टरीणबाईंनी काट्यावर उभं केलं तर वजन चांगलंच वाढलेलं. "चालत नव्हतात का?" त्यांनी विचारलं. "प्रदक्षिणा घालत होते," शरदिनी म्हणाली, आणि त्यांनी गोळी तीच ठेवून पुढची तारीख दिली.

आणि मग होळीच्या आधी लिस्ट लागली. विश्वेश मॅनेजर झाला! थंडी सरली तसे सासूबाईंचे गुडघेही मोकळे झाले आणि त्या काठीशिवाय गच्चीवर पापड वाळत घालू लागल्या. आता एवढं झाल्यावर कोण रागावून राहणार? सगळ्यांनी तिला उदार मनानं माफ केलं.

"तू मागितलं नाहीस तरी तुझ्या पायांनी मिळालं बघ," सासूबाई म्हणाल्या. "देवी तुलाच पावते. आता स्वरदाची नोकरी तेवढी राहिली. गुरुजींना विचारून आलेय मी. यंदा प्रदक्षिणा नकोत, सव्वा लाख जप करायचा. रोज सकाळी, त्याच वेळेला."

त्याच वेळेला! शरदिनीनं कपाटाकडे पाहिलं. आत नवे बूट होते. या खेपेला निळ्या पट्ट्याचे.

"चालत चालत जप केला तर चालेल का, आई?"

"छे! जप बसूनच करायचा असतो. उठायचं नाही मध्ये."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवघरापुढे, विश्वेशच्या मुंजीपासून माळ्यावर पडलेला एक भलामोठा पाट मांडलेला होता. सासूबाईंनी तो स्वतः पुसला होता, त्यावर रांगोळीची दोन बोटं ओढली होती.

"मुद्दाम काढला हो," त्या मायेनं म्हणाल्या. "नेहमीच्या पाटावर तू आता मावायची नाहीस."