भावजींचा हिमालय

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, तेवढं सांभाळून घ्या. पण बाळूभावजींबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या पाटसच्या भर चैत्रातल्या उन्हात माकडटोपी आणि लोकरी कोट घालून भाकरी खाणारा माणूस तुम्ही दुसरीकडे पाहिला नसेल.

"भावजी, घाम किती आलाय," मी म्हणते. एवढ्या वाक्यापुढं मला बोलायला सुचत नाही.

"वहिनी, शरीराला आधी कळवावं लागतंय. एकदम बर्फ दाखवला की ते बिचकतंय."

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, साखर कारखान्यात फिटर. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, "गाडीवर दोनच माणसं बसत्यात, आन् मागची जागा दत्त्याची हाय." दत्ता त्यांचे शाळेपासूनचे मित्र, शिक्रापूरला कंपनीत आहेत. दरसाल उन्हाळ्यात दोघे एकाच मोटारसायकलवर हिमालयात जायचे.

गाळप संपल्याचा भोंगा वाजला की भावजींच्या अंगात वारं शिरायचं. घरात पलंग असून स्लॅबवर तंबू ठोकून त्यात झोपायचे. मागच्या सीटवर खताची गोणी बांधून गावाजवळच्या रोटीच्या घाटात वळणं घ्यायचे, कारण काटकुळे दत्ता वजनाला एका गोणीच्या आसपासच भरतात. वाटेत कुणी विचारलं, "बाळू, खत कुणाच्या रानात?" तर हे गाडी न थांबवता सांगायचे, "लडाखला." जाऊन आले की दोघांची नाकं सोललेली असायची आणि आठवडाभर एकच भांडण, खिंडीत आधी कोण घाबरलं.

मग दत्तांच्या बायकोचं ऑपरेशन निघालं. भावजींनी प्रवासासाठी साठवलेले सगळे पैसे नेऊन दिले. ती बाई बरी झाली, पण दत्ता यायचे थांबले. भावजींनी फोन केला, "पैशाचं सोड, गाडी काढतो."

"मला भिकारी समजतो व्हय? फिटल्याबिगर तुझ्या गाडीवर बसणार न्हाई," दत्ता म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या साली हिमालय राहिला. पुढच्या साली कारखान्यातले दोघं-तिघं म्हणाले, आम्ही येतो की. भावजींनी क्लच प्लेट गेल्याचं सांगितलं. प्लेट नवी कोरी होती, भावजींना ती बसवताना मी पाहिलं होतं. गोणी बांधून घाटात मात्र जायचे. एकदा आमचे हे मागून एसटीनं येत होते. त्यांनी पाहिलं, भावजी मान मागं वळवून गोणीशी काहीतरी बोलत होते.

पगार झाला की दत्ता यायचे. आपल्या गाडीवरून उतरायचे नाहीत, दारातूनच हप्त्याचे पैसे द्यायचे. भावजी चारचौघांत मोजायचे आणि म्हणायचे, "ठरल्यापेक्षा शंभर कमी हायत." दत्ता खिसे चाचपून शंभर काढायचे. मला तर शरमेनं मान वर करवायची नाही. एक दिवस धीर करून बोलले, "भावजी, शंभरासाठी मित्राला असं?"

त्यांनी माकडटोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"वहिनी, एक रुपया जरी सोडला ना, तर त्यो मागं बसंल, पण मान खाली घालून. मग माझी गाडी चुकली तरी बोलायचा न्हाई. मला वळणावर आईबापाचा उद्धार करणारा दत्त्या पायजे. घरी तरी मला कोण बोलतंय? तुम्ही तर घामाच्या पुढं जात न्हाई."

मी आत गेले आणि उगीच पीठ मळत बसले.

परवा दत्ता आले. राहिलेले पैसे दिले. भावजींनी उंबऱ्यावर बसून मोजले. "पुरं हायत," म्हणाले.

दत्ता गाडी स्टँडला लावून उतरले. सरळ भावजींच्या गाडीपाशी गेले आणि मागचं टायर अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"ह्या टकल्या टायरवर मला हिमालयात न्यायला निघाला व्हय, येड्या? बायको रांडकी व्हायची माझी. नवं टाक आधी, मग तारीख सांग. आन् वहिनी, च्या टाका, साखर दाबून."

 भावजी हातातले पैसे पुन्हा मोजायला लागले. मोजता मोजता नोटा दिसेनाशा झाल्या असाव्यात, कारण टोपीनं डोळे पुसून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. पैसे पूर्ण होते.